आधी केस धुवा, मग त्यांना नावं ठेवा

आपल्या समाजाच्या मुलींच्या बायोडाट्यांमध्ये हल्ली एक नवीन ओळ दिसायला लागली आहे. उंची, रंग, शिक्षण, पगार आणि त्याखाली "केस लांब, सरळ, सिल्की". मी ३६ वर्षं बँकेत काढली. तारणाचे कागद तपासले, सोनं तोलून घेतलं, शेताचे सातबारे आणि इकडचे खसरे दोन्ही वाचले. पण मुलीच्या केसांचं मूल्यांकन करणारा रकाना काही कधी पाहिला नव्हता. तो आता आपणच छापून घेतो आहोत, आणि त्यात बसत नाही ती मुलगी पार्लरमध्ये जाऊन हजारो रुपये मोजून स्वतःला त्या रकान्यात बसवून घेते आहे. माझं भांडण त्या रकान्याशी आहे. रागावणार असाल तर रागवा, पण शेवटपर्यंत वाचा.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे माझ्या भावाची नात. वय २४, नागपुरात नोकरी, कमरेपर्यंत केस. बघण्याचा कार्यक्रम ठरायच्या आधी मुलाकडच्या एका बाई फोटो पाहून म्हणाल्या, "पोरगी चांगली आहे हो, पण केस काऊन असे झाडूवानी?" एवढंच वाक्य. पण पोरगी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मला फोन, "आजी, आठ हजार देशील का? स्मूदनिंग करायचं आहे. पगार झाला की परत करते." मी म्हटलं, पैसे देते, परत नको करू. पण कर्ज द्यायच्या आधी मी पाहणी करते, ही माझी जुनी सवय आहे. तीन रविवार माझ्याकडे ये.

ती आली तेव्हा मी पहिल्यांदा काय केलं असेल, तर तिच्या केसांची एक बट बोटात धरून वरून खालपर्यंत ओढली. बोटाला चिकटपणा लागला. केस धुऊन एकच दिवस झाला होता. वरून चकचकीत, टोकाला राठ, मध्ये गुंता. हे केस खराब नव्हते, मळलेले होते. त्यांच्यावर तेलाचं किटण, सीरमचा थर आणि बोअरच्या पाण्यातला चुना, असं सगळं बसलेलं होतं. ताळेबंद जुळत नाही म्हणून धंदा बुडाला असं कोणी म्हणत नाही. आधी सस्पेन्स खात्यात काय काय पडून आहे ते बघतात.

आता ज्यांना वाटतं की हा आजकालच्या पोरींचा चोचला आहे, त्यांना मी रामपायलीला घेऊन जाते.

आमच्या घरच्या विहिरीचं पाणी जड होतं. त्यात डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे. म्हणून घरातल्या बायका न्हायला चंदन नदीवर जायच्या. हे सांगताना आजची पिढी म्हणते, वा, काय रोमँटिक. रोमँटिक काही नव्हतं, सोयीचं होतं. वाहत्या पाण्यात रिठा छान फेसायचा, केस मोकळे व्हायचे. घरी न्हायलं तर केसांवर पांढरट, चिकट काहीतरी राहायचं आणि फणी अडकायची. आईला रसायनशास्त्र येत नव्हतं, पण निष्कर्ष बरोबर होता. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. साबण त्यांच्याशी मिळून न विरघळणारा साका तयार करतो. बादलीच्या कडेला जो पांढरा राप बसतो तोच केसावर बसतो. बादली आपण घासतो. केसाला मात्र म्हणतो, तुझा पोतच वाईट.

रिठ्यात आणि शिकेकाईत सॅपोनिन असतं, ते साबणासारखा साका करत नाही. शिवाय दोन्ही किंचित आंबट, आणि केसाला आंबटपणा मानवतो, त्याच्यावरची खवलं मिटून बसतात. कपड्याचा साबण आणि खाण्याचा सोडा याच्या उलट. ते अल्कधर्मी, खवलं उघडी पाडतात, केस एकमेकांत अडकतात. म्हणून ते व्हॉट्सअॅपवर फिरणारं "सोड्याने केस धुवा, सगळी घाण निघेल" हे वाचून कोणी करू नका. घाण निघेल, त्याबरोबर केसही तुटेल. आमच्याकडे तांदळाचं धुवण शेवटी केसांवरून ओतायची पद्धत होती. आपला सगळा मुलूखच धानाचा, त्यामुळे धुवण रोजचंच. दुसऱ्या दिवशीचं असेल तर आंबूस, ते अधिक चांगलं, असं आई म्हणायची. वास मात्र यायचा, हे खरं सांगायला पाहिजे.

शाम्पू हा शब्दही बाहेरचा नाही. आपल्या चंपी, चांपणे यातून तो इंग्रजीत गेला. बिहारमधल्या पाटण्याच्या शेख दीन महंमदने १८१४ च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रायटनला मालिशचं स्नानगृह काढलं, तेव्हा तिकडे शाम्पू म्हणजे मालिशच होतं. मग तो शब्द बाटलीत बसून आपल्याकडे परत आला, आणि १९८३ मध्ये तमिळनाडूतल्या कडलूरहून चिक शाम्पूची पुडी निघाली आणि अशा पुड्या गावोगावच्या किराणा दुकानांत तोरणासारख्या लटकल्या. पुडीचं मी वाईट बोलणार नाही. तिने गरीब घरातल्या बाईला कपड्याच्या साबणातून सोडवलं.

असो. मुद्दा केसांच्या मालकीचा आहे.

आमच्या घरी वडिलांच्या एक चुलत आत्या होत्या. बालविधवा. लाल आलवण, डोक्यावरून पदर, पदराखाली काही नाही. मी पाच-सहा वर्षांची असताना त्या माझी वेणी घालत आणि खूप वेळ घालत. आई हाक मारायची, "आत्याबाई, झाली का हो?" त्या म्हणायच्या, "होते आहे." आता कळतं की त्यांना वेणी संपवायचीच नसायची. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण तो नकार रामपायलीपर्यंत चालत यायला कितीतरी वर्षं लागली. तोवर बाईचे केस ठेवायचे की नाही हे घरातले पुरुष ठरवत होते.

दुसरं टोक जटेचं. डोक्यात गुंता झाला, तो सोडवला नाही, त्यावर तेल आणि मळ बसला की केस नमद्यासारखे एकमेकांत घट्ट बसतात. त्याला देवीचं बोलावणं म्हणायचं आणि बाईने ते ओझं जन्मभर मानेवर वागवायचं. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी कितीतरी बायकांना समजावून, घरच्यांची भीती घालवून जटा सोडवल्या आहेत. तिथे गुंता म्हणजे देवी. आपल्या सुशिक्षित घरांत गुंता म्हणजे दोष. दोन्हीकडे कोणी असं म्हणत नाही की बाई, हा नुसता गुंता आहे, पाणी घे, थोडा वेळ घे, सुटेल.

आणि शाळा. आमच्या शाळेत हिंदी माध्यम, घरी मराठी, त्यामुळे माझे केस घरी कुरळे आणि शाळेत घुंघराले होते. दोन्ही भाषांत त्यांना परवानगी नव्हती. चपचपीत तेल, मधोमध भांग, दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी. कपाळावर एक बट सुटली तर बाई पाणी लावून बसवायच्या. पुढे गोंदियाला बी.कॉम. करताना एक वेणी झाली, १९७४ ला बँकेत लागले तेव्हा अंबाडा. शाखेत मी एकटी बाई. कॅश मोजताना केस डोळ्यांवर आलेले परवडत नाहीत. अंबाडा सोयीचा होता, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण २०१० साली निवृत्त झाल्यावर एका पावसाळ्यात मी डोक्याला महिनाभर तेल लावलं नाही, पागोळीचं पाणी धरून नीट न्हायले आणि केस न विंचरता, न बांधता वाळू दिले. आरशात आईचे केस होते. तसेच, खांद्यापासून खाली वळत जाणारे. साठाव्या वर्षी ही ओळख झाली. चाळीस वर्षं मी त्यांना ओल्यानेच बांधत आले होते, मग ते दिसणार कधी?

हे ओल्याने बांधण्याचं प्रकरण समजून घ्या, कारण यातच पुष्कळ मुली फसतात. केसाच्या आत दोन प्रकारची जोडणी असते. एक कच्ची, पाण्याने सुटते आणि वाळताना पुन्हा धरते. ओल्या केसांची वेणी घातली की केस वाळल्यावर लाटा दिसतात त्या यामुळे. त्या लाटा वेणीच्या, केसाच्या नव्हेत. दुसरी जोडणी पक्की, गंधकाची, ती पाण्याने सुटत नाही. आणि केस मुळातून सरळ येणार की वळून, हे टाळूतल्या त्याच्या पिशवीचा आकार ठरवतो. म्हणजे खरा पोत बघायचा असेल तर केस पूर्ण स्वच्छ हवेत आणि कशालाही न बांधता वाळायला हवेत. या दोन गोष्टी न करता "माझे केस असेच आहेत" म्हणणं म्हणजे पासबुक न भरता शिल्लक सांगणं.

आता तेलवाल्यांकडे वळते. तेल वाईट आहे असं मी म्हणत नाही. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि प्रथिनांची झीज कमी करतं, असा आरती रेळे आणि मोहिले यांचा २००३ सालचा अभ्यास आहे. दोघंही खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले, त्यामुळे मी ते व्हाउचर जरा उलटसुलट करून पाहिलं, पण त्यांनी तुलना केलेलं खनिज तेल आत शिरत नाही हे खरंच आहे. ते नुसतं वर बसतं. बाजारातल्या "हलक्या, न चिकटणाऱ्या" तेलांच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा, बहुतेकांत लिक्विड पॅराफिन सापडेल. त्यावर सीरम, म्हणजे डायमेथिकोन वगैरे सिलिकोन. ते पाण्यात विरघळत नाही. त्यावर पुन्हा तेल. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. दोन फूट केसाचं टोक म्हणजे चार वर्षांपूर्वीचा केस. चार वर्षांचं सगळं त्याच्यावर नोंदलेलं असतं.

आमच्या पोरीचे केस आम्ही असे धुतले. धुवायच्या आधी दोन दिवस तेल, सीरम काही नाही. कोरडे असताना बोटांनी मोठा गुंता सोडवला, टोकाकडून वर येत. बाटलीवर "क्लॅरिफाइंग" लिहिलेला शाम्पू आणला, ज्यात डायमेथिकोन नाही आणि ईडीटीए आहे. ईडीटीए पाण्यातल्या चुन्याला धरून ठेवतं. शाम्पू मगभर कोमट पाण्यात पातळ केला, केसांचे चार भाग केले आणि फक्त टाळूला बोटांच्या पेरांनी चोळला. लांब केस डोक्यावर गोळा करून कपड्यासारखे कधी घासू नयेत. फेस खाली वाहत जातो तेवढ्याने लांबी धुतली जाते. पहिल्यांदा फेस आलाच नाही. धुऊन टाकला, दुसऱ्यांदा आला. शेवटी मगभर पाण्यात अर्धं लिंबू, तेही गाळून, आणि पुन्हा साधं पाणी. मग साधा, सिलिकोन नसलेला कंडिशनर लांबीला लावून त्यातच मोठ्या दातांच्या कंगव्याने विंचरलं. टॉवेलने रगडायचं नाही. माझं एक जुनं सुती लुगडं आहे, त्यात दाबून पाणी टिपलं. मग गच्चीवर सावलीत बसवलं आणि सांगितलं, हात लावशील तर खबरदार.

पहिल्या रविवारी केस नुसते कोरडे आणि फुगलेले दिसले. ती रडवेली झाली. हा टप्पा येतो, घाबरू नका. दुसऱ्या रविवारी तो शाम्पू वापरला नाही, साध्याच शाम्पूने न्हायली, कारण असं खरवडून धुणं महिन्यातून एकदा पुरे. केस रंगवत असाल तर आणखी जपून, रंग उतरतो. तिसऱ्या रविवारी वाळताना मी तिथेच भाजी निवडत बसले होते. कानामागची एक बट आपोआप गुंडाळून वर आली. मग दुसरी. तासाभरात पाठीवर सगळी वळणं होती. पोरगी मोबाइल समोर धरून बघत राहिली आणि म्हणाली, "आजी, हे माझेच आहेत?" झाडू म्हणे!

कुरळा केस कोरडा असताना बारीक फणीने विंचरला की त्याची वळणं मोडतात आणि प्रत्येक केस वेगळा उभा राहतो. टाळूचं तेलही वळणावळणाच्या केसावरून खाली उतरत नाही, म्हणून टोकं कोरडी. म्हणजे सरळ केसांसाठीची फणी, सरळ केसांसाठीची वेणी आणि सरळ केसांसाठीचे नियम लावायचे, आणि केस बिघडले की दोष केसांचा. कार्तिक पौर्णिमेच्या आमच्या जत्रेत फणीवाल्याकडे दोन्ही बाजूंनी बारीक दातांची लाकडी फणी मिळायची. ती उवा-लिखांसाठी असायची. आम्ही तिनेच रोज केस विंचरायचो.

ज्यांना वाटतं की आठ हजार रुपये आणि दोन तास देऊन कटकट मिटते, त्यांनी त्या क्रीममध्ये काय असतं ते विचारावं. सरळ करण्याच्या काही प्रकारांत गरम इस्त्री फिरली की फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या द्रव्यांत धरलं. मग "फॉर्मल्डिहाइड-फ्री" आलं, त्यातल्या काहींत ग्लायऑक्झिलिक आम्ल. २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये डॉक्टरांचं एक पत्र छापून आलं. २६ वर्षांची, एरवी निरोगी बाई. २०२०, २०२१ आणि २०२२ मध्ये तीनदा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा मूत्रपिंडांना इजा झाली. त्या क्रीममध्ये ते आम्ल होतं. डॉक्टरांनी ती क्रीम उंदरांच्या कातडीवर लावून पाहिली, तर त्यांच्या मूत्रपिंडात ऑक्सलेटचे स्फटिक दिसले. प्रत्येकीला असं होतं असं मी म्हणत नाही. पण कर्जाच्या कागदावर बारीक अक्षरात अशी अट असती तर तुमच्यातल्या एकाने तरी सही केली असती का?

एक प्रश्न येणारच, तो मीच विचारते. मुलीला स्वतःलाच सरळ केस आवडत असतील तर? तर करू दे. तिचे केस, तिचे पैसे, माझी हरकत शून्य. मी आठ हजार वेगळे काढून ठेवले होते आणि तिसऱ्या रविवारी तिच्यासमोर ठेवलेही. पण निवड करायची तर दोन्ही बाजू समोर हव्यात. जिने आपले केस कधी स्वच्छ, मोकळे, वाळलेले पाहिलेच नाहीत ती कशातून निवडणार? तिने पैसे घेतले, आणि त्यातून गच्चीवरच्या टाकीला लावायचा फिल्टर आणि केस कापून घ्यायचे असा बेत केला. टोकाचे चार बोटं जुने केस कापले. त्यांचं काही होण्यासारखं नव्हतं.

आणि त्या मुलाकडच्या बाईंना माझ्या वहिनीने नवीन फोटो पाठवला. केस मोकळे, वळणांसकट. त्यांचं उत्तर आलं, "हे गंगावन लावलंय का?" वहिनी मला म्हणाली, "काय लिहू वं?" मी म्हटलं, लिही, ओढून बघायला या.

आपल्या समाजाच्या पुढच्या मेळाव्यात बायोडाट्याचा नमुना नव्याने छापणार आहेत असं कळलं. केसांची ओळ काढा, हे मी लेखी कळवलं आहे. ठेवायचीच असेल तर मुलांच्या बायोडाट्यातही ठेवा, "केस किती, कुठे कुठे" असा रकाना करा. बघू कोण भरतो.

गावाकडच्या पोरींनो, तुमच्याकडे क्लॅरिफाइंग शाम्पू मिळत नसेल तर अडून बसू नका. मूठभर रिठे बिया काढून रात्री भिजवा, सकाळी उकळून गाळा, डोळे घट्ट मिटून वापरा, फार झोंबतं. हातपंपाचं पाणी जड असेल तर निदान शेवटचं पाणी पावसाचं असू द्या. पाऊस आहे तोवर पागोळीखाली दोन बादल्या लावा. पहिल्या सरीचं पाणी सोडून द्या, त्यात कौलांवरची धूळ असते. नंतरचं गाळून झाकून ठेवा, रविवारपर्यंत पुरतं.